हे कोणत्या डब्यात टाकायचे? घरच्या कचऱ्याच्या नियमांबद्दल एका निवृत्त स्वच्छता निरीक्षकाचे उत्तर

हिंगोलीहून बदली होऊन छत्रपती संभाजीनगरात, बीड बायपासलगतच्या छत्तीस सदनिकांच्या एका सोसायटीत राहायला आलेल्या ताईंनी प्रश्न विचारला आहे. घंटागाडीवाला आठवड्यातून एकदोनदा तरी ‘मिक्स आहे’ म्हणून त्यांची पिशवी परत करतो. दुधाची पिशवी, बिस्किटाचे वेष्टन, नारळाची करवंटी, सॅनिटरी पॅड, उरलेली औषधे आणि फुटलेली ट्यूबलाइट यांपैकी काय कोठे टाकायचे, हे सोसायटीत कोणालाच नक्की सांगता येत नाही. वर शेजारी म्हणतात की गाडीत शेवटी सगळे एकत्रच होते, मग एवढा उपद्व्याप कशाला? मी मराठवाड्यातील दोन नगरपालिकांत मिळून सव्वीस वर्षे स्वच्छता निरीक्षक होतो आणि निवृत्तीनंतर या शहरात सोसायट्यांना खताचे हौद लावून देण्याचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न वरवर पाहता यादीचा वाटतो: वस्तूंची नावे सांगा, डब्यांचे रंग सांगा, विषय संपला. नोकरीच्या सुरुवातीला मीही अशी यादी केली होती. चौसष्ट वस्तू, प्रत्येकीपुढे रंगीत ठिपका आणि खाली मुख्याधिकाऱ्यांची सही. पत्रके वाटायला निघालो तेव्हा पहिल्याच गल्लीत एका आजींनी चष्मा लावून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, “आंब्याच्या कोयीचं काय, साहेब?” कोय यादीत नव्हती. तेव्हापासून मी यादी करण्याच्या भानगडीत पडलो नाही, कारण दुकानात दर महिन्याला नवे वेष्टन येते आणि यादी छापून होईपर्यंत जुनी झालेली असते. खरी अडचण वेगळीच आहे. वस्तू डब्यात पडली की तिचा शेवट झाला असे आपण धरून चालतो. नियम करणाऱ्यासमोर मात्र डबा नसतो, डब्यानंतरची माणसे आणि यंत्रे असतात. म्हणून ‘ही कोणत्या डब्यात’ असे न विचारता ‘ही आता कोणाच्या हातात जाणार आणि तो तिचे काय करणार’ असे विचारून पाहावे. बहुतेक वस्तूंचे उत्तर त्यातच मिळते.

कुजणारा कचरा खतप्रकल्पात किंवा बायोगॅसच्या टाकीत जातो. न कुजणारा कचरा निवडणाऱ्या बायांच्या हातात आणि तेथून भंगाराच्या व्यापाऱ्याकडे जातो. तिसरा प्रकार असा की जो उघड्या हाताने कोणी हाताळूच नये: पॅड, डायपर, सुया, औषधे, पाऱ्याच्या नळ्या. नियमांचा सगळा डोलारा या तीन वाटांवर उभा आहे. केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम अधिसूचित केले, त्यांनी २००० सालचे जुने नियम मोडीत काढले आणि घरातच कचरा वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकावर टाकली. जैविक, अजैविक आणि घरगुती घातक असे तीन भाग त्यांनी केले. सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून सुक्या डब्यात टाकावा, असे त्या नियमांत होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या नियमांनी सॅनिटरी कचऱ्याची वाटही वेगळी केली, त्यामुळे आता ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा अशी चार भागांत विभागणी आहे. तुमच्या सोसायटीत कोणी ‘पॅड सुक्यातच’ म्हणत असेल आणि कोणी ‘वेगळे’ म्हणत असेल, तर दोघेही खोटे बोलत नाहीत; एकाच्या डोक्यात जुना नियम आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यात नवा.

या शहरात हा विषय इतका हळवा का आहे, हे बाहेरून आलेल्या माणसाला माहीत असणे बरे. तीस वर्षांहून अधिक काळ शहराचा सगळा कचरा, ओला-सुका काहीही न पाहता, नारेगावच्या डेपोवर नेऊन ओतला जात होता. तेथील पाणी नासले, माश्यांनी आणि धुराने गावे हैराण झाली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत परिसरातील ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. शहरात कचऱ्याचे ढीग चौकाचौकांत साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तेव्हा दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमारापर्यंत प्रकरण गेले. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी येथे प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले. अर्थ एवढाच की ‘नेऊन ओता’ ही सोय आता नाही, आणि प्रकल्प म्हटला की त्याला ठरावीक प्रकारचाच माल लागतो. कांचनवाडीच्या बायोगॅस प्रकल्पासारख्या ठिकाणी ओल्या कचऱ्याचा लगदा करून तो बंद टाकीत कुजवतात. त्या लगद्यात पन्नी गेली की ती ढवळणाऱ्या पात्यांना गुंडाळली जाते. माती आणि कपबशीचे तुकडे गेले की ते तळाशी बसतात आणि टाकीची जागा खातात. मग यंत्र बंद करून आत माणूस उतरवावा लागतो. घंटागाडीवाला तुमची पिशवी परत करतो तेव्हा त्याच्या मागे ही सगळी साखळी उभी असते, जरी त्याला ती समजावून सांगता येत नसली तरी.

काही गोष्टी मात्र जागेवर अवलंबून असतात. गाडीची वेळ, गाडीला कप्पे किती, सॅनिटरी कचऱ्यासाठी बाहेर वेगळा डबा टांगलेला आहे की नाही, बागेचा पाला कोणत्या दिवशी उचलतात, शुल्क मालमत्ता कराच्या बिलात येते की वेगळे, दंड किती: हे लातूरला एक, नांदेडला दुसरे आणि तुमच्या वॉर्डात तिसरे असू शकते, कारण ते उपविधींवर, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या नियमांवर, आणि ठेकेदाराशी झालेल्या करारावर ठरते. त्यासाठी शेजाऱ्याला विचारू नये. वॉर्ड कार्यालयात जाऊन स्वच्छता निरीक्षकाला विचारावे, आणि दंड झाला तर पावतीवर कोणत्या नियमाखाली झाला ते लिहून मागावे. घरात वेगळे करणे, उघड्यावर न टाकणे, न जाळणे, नाल्यात न लोटणे हे मात्र देशभर सारखे आहे. त्यावर ‘आमच्या भागात तसे चालते’ हे उत्तर नाही.

आता ओल्या कचऱ्याकडे येतो. येथे पहिला घोटाळा नावातच आहे. ‘ओला’ म्हणजे भिजलेला नव्हे, कुजणारा. मेच्या उन्हात दोन दिवसांत कडक झालेली मोसंबीची साल ओल्या कचऱ्यातच जाते, आणि पावसात भिजलेली प्लास्टिकची बाटली सुक्यातच राहते. भाजीची देठे, शिळी भाकरी, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, मटणाची हाडे, सीताफळाच्या बिया, निर्माल्य हे सगळे ओले. निर्माल्यातील दोरा, जरीची पट्टी आणि प्लास्टिकची फुले मात्र आधी काढावीत, कारण हारात खऱ्या फुलांपेक्षा त्यांचीच संख्या जास्त झाली आहे. उरलेले वरण किंवा आमटी पातळ असेल तर गाळून फक्त घट्ट भाग डब्यात टाकावा. पाण्याने भरलेली पिशवी गाडीत फुटते आणि शेजारच्या कप्प्यातील कागद नासवते.

करवंटी आणि कोय यांचे उत्तर थोडे लांबते. दोन्ही कुजतात, म्हणून नियमाने त्या ओल्या. पण करवंटी कुजायला फार दिवस घेते आणि घरच्या खताच्या हौदात तशीच पडून राहते. गाडीला देणार असाल तर ओल्या कचऱ्यात द्यावी. घरी खत करत असाल तर हौदात टाकू नये, किंवा फोडून कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी घालावी. नारळाची शेंडी तर फेकूच नये, ती हौदात पोकळी ठेवायला कामाची असते. आंब्याची कोय फोडली तर कुजते, न फोडता टाकली तर जूनच्या पहिल्या पावसात हौदातून रोप वर येते. माझ्या एका हौदात केसरची तीन रोपे उगवली होती. ती सोसायटीच्या पोरांनी उपटून कंपाउंडला लावली, आणि त्यांतील एक अजून आहे.

ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नये, डबा थेट गाडीत रिकामा करावा. मिश्र कचऱ्याचे निम्मे प्रकरण या एका सवयीत आहे. तुम्ही आत सगळे नीट वेगळे केलेले असते, पण वरची पिशवीच सुका कचरा असते, आणि ती फोडायला गाडीवाल्याकडे वेळ नसतो. शिवाय आपल्या राज्यात २०१८ च्या मार्चपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. त्यामुळे ती पिशवी घरात येते कोठून, हाही एक प्रश्नच. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी घातली की डबा चिकट होत नाही आणि कागद ओल्याबरोबर कुजून जातो. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्यांचा मोह अनेकांना पडतो. त्या मोठ्या प्रकल्पातील उष्णतेसाठी बनवलेल्या असतात. घरच्या हौदात महिनोन्महिने त्या जशाच्या तशा मिळतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुक्या कचऱ्यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, आणि ते सुशिक्षित घरांत अधिक आहेत. वेष्टनावर बाणांचा त्रिकोण दिसला की ‘हे रिसायकल होते’ असे मानले जाते. तो त्रिकोण केवळ प्लास्टिकची जात सांगतो. आतला आकडा १ असेल तर पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ नावाचे प्लास्टिक, २ असेल तर शाम्पू किंवा फिनेलच्या डब्याचे जाड प्लास्टिक, ४ म्हणजे दुधाच्या पिशवीची जात, ५ म्हणजे श्रीखंडाचे डबे व बाटल्यांची झाकणे, ६ म्हणजे थर्माकोल आणि ७ म्हणजे या सर्वांत न बसणारे, म्हणजेच बहुतेक बिस्किटे, वेफर्स आणि शाम्पूच्या पुड्यांची अनेक थरांची वेष्टने. एखादी वस्तू पुन्हा वापरात येईल की नाही हे त्रिकोण ठरवत नाही. ती स्वच्छ आहे का, पुरेशा वजनाची जमते का आणि जवळपास तिला गिऱ्हाईक आहे का, यावर ते ठरते. भंगारवाला बाटली घेतो आणि वेफर्सचे पाकीट घेत नाही, त्यात त्याचा आळस नाही. पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतो. आणि पोतेभर पाकिटांचे वजन इतके कमी भरते की हातगाडी ढकलण्याची मजुरीही सुटत नाही. थर्माकोलचे तेच. त्यात बहुतांश हवा असते, आणि हवेला भाव नसतो.

म्हणून ही पाकिटे सुक्यात टाकायचीच नाहीत असे मात्र नाही. निवडून उरलेला, जळण्याजोगा सुका कचरा सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून पाठवला जातो. २०१६ च्या नियमांत तर किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्णता देणारा कचरा जमिनीत पुरू नये, असे स्पष्ट होते. पण भिजलेल्या इंधनाची उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते. त्यामुळे विकाऊ माल असो वा जळाऊ, सुक्याला एकच अट आहे: तो खरोखर कोरडा असावा. घरात डबे चार की पाच यावर जो वाद चालतो, त्यापेक्षा सुक्याचा कोरडेपणा कितीतरी मोलाचा आहे. ज्या सोसायटीने एवढी एकच गोष्ट पाळली, तिथल्या कचऱ्याला भंगारवाला स्वतः फोन करून येतो, हे मी तीन ठिकाणी पाहिले.

निवड शेडमध्ये काम करणाऱ्या एका मावशींची रीत सांगतो. पट्ट्यावरून पिशवी आली की त्या ती लगेच उघडत नसत. आधी तळहाताने दाबत, मग कानाशी हलवत. दाबल्यावर पचपच झाली तर ती पिशवी न उघडता बाजूच्या ढिगात, आणि तो ढीग मिश्र म्हणून बाहेर. खुळखुळ वाजली तर त्या सावध होत, कारण आत काच किंवा सुया असू शकत. चुरचुर आवाज आला की चेहरा खुलत असे. म्हणजे कागद आणि पन्नी, दोन्ही कोरडे. मी विचारले, एका पिशवीला किती वेळ देता? त्या म्हणाल्या, “दाबायला लागतो तेवढा.” तुम्ही घरी पंधरा मिनिटे विचार करून केलेल्या वर्गवारीचा निकाल तेथे दोन सेकंदांत लागतो. एक अर्धवट भरलेली चटणीची पुडी कागदांत सांडली, तर तळहाताला ओल लागते आणि सगळीच पिशवी जाते.

कोरडे ठेवायचे तर धुवावे लागते, आणि येथे आपल्या शहराची अडचण आडवी येते. नळाला आठवड्याने पाणी येत असताना ‘दुधाची पिशवी स्वच्छ धुवा’ असे सांगणारा माणूस लोकांना चेष्टेखोर वाटतो, आणि ते बरोबरही आहे. नव्या पाण्याचा थेंबही यासाठी खर्च करू नये. भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात दुधाची पिशवी एकदा बुचकळावी, उलटी करून दोरीवर चिमट्याने लावावी. मराठवाड्यातील ऊन बाकीचे काम करते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, चीर द्यावी म्हणजे तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. तो चिमुकला त्रिकोण वेगळा झाला की कोणाच्याही हाती लागत नाही. गटारीच्या जाळीवर मात्र तो हमखास सापडतो. तेलाच्या पिशवीला आधी भुसा किंवा रद्दी कागद चोळावा. तेलकट कागद, भज्यांचा कागद, जेवण सांडलेला पुठ्ठा हे रद्दीत चालत नाहीत, ते फाडून ओल्यात टाकावेत. लग्नात येणाऱ्या चकचकीत पत्रावळींवर प्लास्टिकचा थर असतो, त्या ना धड कुजतात ना रद्दीत जातात. पळसाच्या पानांची पत्रावळ मिळत असेल तर हा प्रश्नच येत नाही. शीतपेयाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे थर असतात. ते चपटे करून सुक्यात द्यावेत, भंगारवाल्याने नाकारले तरी. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या तीनचार घड्यांत गुंडाळून वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहावे आणि सुक्या डब्यात न मिसळता गाडीवाल्याच्या हातात द्यावी.

येथपर्यंतचे थोडक्यात असे: कुजते ते ओल्यात आणि पिशवीविना, कुजत नाही ते सुक्यात, पण कोरडे करून, आणि ज्याला दुसऱ्याने हात लावावा असे तुम्हाला वाटणार नाही, ते या दोहोंपैकी कशातही नाही.

या शेवटच्या गटाबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो, कारण येथे चूक तुमची असते आणि जखम दुसऱ्याची. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर ओळखीची खूण करून वेगळे द्यावेत. डायपरमधील घाण आधी शौचालयात टाकावी. पॅड शौचालयात टाकून पाणी ओढण्याचा प्रकार सोसायट्यांत सर्रास चालतो. त्याचे परिणाम ड्रेनेज मोकळे करणाऱ्या माणसाला विचारावेत. उत्पादकाने गुंडाळण्यासाठी पाकीट द्यावे असे नियम सांगतो, ते आले असेल तर वापरावे. गाडीला स्वतंत्र डबा नसेल तर वॉर्ड कार्यालयाकडे तो लेखी मागावा. तोवर गुंडाळलेले पुडके सुक्याच्या पिशवीत सरमिसळ न करता हातात द्यावे.

सुयांकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. घरोघरी मधुमेह आहे, इन्सुलिनच्या सुया आणि साखर तपासण्याच्या टोचण्या रोज डब्यात पडतात. त्या मावशींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. ती इन्सुलिनच्या सुईची. त्यानंतर सहा महिने त्यांना रक्ताच्या तपासण्यांसाठी हेलपाटे घालावे लागले, आणि त्या दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. सुया जाड प्लास्टिकच्या, झाकण फिरवून बसणाऱ्या बाटलीत साठवाव्यात, बाटली भरली की झाकणावर चिकटपट्टी लावावी आणि वर ‘सुया’ लिहावे. मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, ढेकणांच्या फवाऱ्याची बाटली, वापरलेले सेल आणि पाऱ्याचा थर्मामीटर ही याच गटातील मंडळी. औषधे बेसिनमध्ये ओतू नयेत. मोबाइल, चार्जर, बिघडलेला मिक्सर हे ई-कचऱ्याच्या वेगळ्या नियमांत येतात. ते अधिकृत संकलकाकडे द्यावेत, तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याकडे देऊ नयेत. घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला किमान एक संकलन केंद्र असावे, अशी तरतूद २०१६ च्या नियमांतच होती. तेव्हा ‘आमच्या भागाचे केंद्र कोठे आहे’ असा प्रश्न वॉर्ड कार्यालयात जरूर विचारावा. आपल्याकडे हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून उत्तरही तयार नसते.

आता शेजाऱ्यांचा आक्षेप: गाडीत सगळे एकत्रच होते. मी हा आक्षेप उडवून लावणार नाही, कारण एकदा तो माझ्यावरच उलटला होता. एका गावात दोन महिने मी वेगळा न केल्याबद्दल पावत्या फाडत होतो. एका सकाळी एक निवृत्त गुरुजी सायकल घेऊन घंटागाडीच्या मागे निघाले आणि मलाही बरोबर चलायला सांगितले. गाडीला मधला पत्रा होता, पण तो तळापासून हातभर वर कापलेला होता. वळणावर ओले-सुके आपोआप खाली एक होत होते. पत्रा कापला होता मजुरांनी, कारण त्याशिवाय खोरे आत फिरत नव्हते. गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातील पावतीपुस्तकाकडे पाहिले. मी त्या दिवशी दंड थांबवला आणि आधी गाड्या दुरुस्त करून घेतल्या. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, ती वेगळी गोष्ट.

त्यामुळे माझे सांगणे असे की आधी पाहावे. सर्वच गाड्यांत मिसळत नाहीत. अनेक गाड्यांत पत्रा असतो पण वरून दिसत नाही, आणि पुठ्ठा-बाटल्यांसाठी बाहेर पोती टांगलेली असतात. खरेच मिसळत असेल तर गाडीचा क्रमांक, तारीख आणि छायाचित्र यांसह सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार द्यावी. वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेणे ही पालिकेची जबाबदारी आहे, आणि तुम्ही स्वतः वेगळा देत असाल तरच ती तक्रार टिकते. मिश्र पिशवी देणाऱ्याने मिश्र गाडीची तक्रार केली, तर निरीक्षक काय उत्तर देतो हे मला चांगले माहीत आहे. मीच ते अनेकदा दिले आहे.

सोसायटीपुरता एक मार्ग तुमच्या हातात आहे. छत्तीस घरे आणि घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरला, तर दिवसाला अठरा किलो होतो. नव्या नियमांनी मोठा कचरा उत्पादक कोणाला म्हणायचे ते ठरवले आहे: दिवसाला शंभर किलो कचरा, किंवा चाळीस हजार लिटर पाण्याचा वापर, किंवा वीस हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्र. तुम्ही यांपैकी कशातही बसत नसाल, म्हणजे खत करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. तरीही अठरा किलोला दोन हौद पुरतात, आणि ओला कचरा आवारातच जिरला की गाडीशी होणारे निम्मे भांडण संपते. एक घमेले ओल्या कचऱ्यावर एक घमेले कोरडा पाला किंवा सोयाबीनचे भुसकट टाकावे. ते आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुबलक मिळते, पोती भरून ठेवावीत. मुठीत दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पण पाणी टपकू नये, एवढी ओल हवी. एप्रिल-मे महिन्यांत हौद वाळून जातो आणि लोक समजतात खत झाले. ते खत नसते, वाळवण असते. तेव्हा कपडे धुतल्याचे नव्हे, तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी शिंपडावे. वास आला की भुसकट कमी पडले, एवढे ओळखावे. मोसंबीच्या साली मोसमात एकदम ओतू नयेत, बारीक करून थोड्याथोड्या टाकाव्यात.

बाकीच्या दोन बाबी लवकर उरकतो. फरशी किंवा बाथरूमचे काम काढले तर राडारोडा कोणत्याही डब्यात चालत नाही, तो आवारात वेगळा साठवून पालिकेला कळवावे लागते. आणि सोसायटीत शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे, असे २०१६ पासूनच नियमात आहे. गणपतीतील महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी गेटवर जे दृश्य असते, ते त्यामुळे टळते.

राहिली तुमची फुटलेली ट्यूबलाइट. जुन्या ट्यूबमध्ये आणि सीएफएल दिव्यात पारा असतो. नव्या एलईडी ट्यूबमध्ये नसतो, ती ई-कचऱ्यात जाते. जुनी फुटली तर मुलांना खोलीबाहेर न्यावे, पंखा बंद करावा, खिडक्या उघडून पंधरा मिनिटे थांबावे. झाडू लावू नये, त्याने पाऱ्याची पूड उडते आणि झाडूलाही लागते. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा कराव्यात, उरलेली पूड चिकटपट्टीने टिपावी, फरशी ओल्या कागदाने पुसावी आणि हे सगळे, पुठ्ठ्यासकट, लोणच्याच्या एखाद्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे. बरणीवर ‘फुटलेली ट्यूब’ असे लिहून ती गॅलरीत उंचावर ठेवावी आणि संकलन केंद्राचा पत्ता मिळेपर्यंत तेथेच राहू द्यावी. माझ्या घरी अशी एक बरणी चार महिने होती.